जयगौरीची चाळीस मिनिटं

नाना गेले त्या दिवसाच्या सगळ्या वेळा मी एका पानावर लिहून काढल्या होत्या. पान त्यांच्याच वहीतलं, रकानेही त्यांनीच आखलेले. डावीकडे काय घडलं, मधे वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ती वेळ कशावरून घेतली. हा शेवटचा रकाना त्यांचा स्वतःचा. मी तो भरला, पण तो कशासाठी असतो ह्याचा विचार केला नाही.

नाना म्हणजे माझे वडील. तोताराम सर म्हटलं की धरणगावात अजून लोक ओळखतात. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित आणि भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर एकोणीस वर्षं एका बुडालेल्या आगबोटीचा वेग काढत बसले. समुद्र त्यांनी दोनदाच पाहिला होता, तोही सहलीला नेलेल्या पोरांची डोकी मोजता मोजता.

त्या आगबोटीचं नाव जयगौरी. नोव्हेंबर १९०९ मध्ये ती मुंबईहून कोकणाकडे निघाली, वादळात सापडली आणि खडकावर आपटून बुडाली. एकशे बारा माणसं गेली. त्यांत खानदेशातलं कुणी नव्हतं. पण धक्क्यावर बसून बोटी सुटल्याची वेळ लिहिणारा कारकून आमच्या गावचा होता. मगन त्याचं नाव. नानांचे आजोबा. तेव्हा चोवीस वर्षांचे.

चौकशीत चार वेळा पुढे आल्या. मगनच्या नोंदवहीप्रमाणे बोट सुटली दहा चाळीसला. कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला, दहाला. बंदराच्या खांबावर वादळाच्या इशाऱ्याची खूण चढली सव्वादहाला. आणि वीस सागरी मैलांवरच्या दीपगृहाच्या माणसाने बोट समोरून जाताना पाहिली अकरा पन्नासला. बोट दहाला सुटली असेल, तर खूण चढण्याआधी निघाली आणि कंपनीचा दोष नाही. दहा चाळीसला सुटली असेल, तर डोळ्यांसमोर खूण दिसत असताना कंपनीने माणसं भरून ती सोडली. सगळं प्रकरण ह्या चाळीस मिनिटांवर येऊन अडलं.

चौकशीच्या साहेबाने मग वेग काढला. दहा चाळीस ते अकरा पन्नास, सत्तर मिनिटं. तेवढ्यात वीस मैल म्हणजे तासाला सतरा मैल. जयगौरी नवी होती तेव्हाही बाराच्या पुढे गेली नव्हती. दहाला सुटली असं धरलं की वेग अकराच्या जरा खाली येतो, आणि ते पटण्यासारखं होतं. तेव्हा मगनने मागाहून आकडा फिरवला, असं अहवालात लिहिलं गेलं. त्याची नोकरी गेली. तो धरणगावला परत आला तर बातमी त्याच्याआधी पोचलेली. मरेपर्यंत गावाने त्याला मगन चाळीस म्हटलं. नाना शाळेत शिकत होते तेव्हा हजेरी घेणारे गुरुजी विचारायचे, "मगन चाळीसचा नातू आला का, का चाळीस मिनिटांनी येणार?" वर्ग हसायचा. नाना हे सांगताना स्वतः कधी हसले नाहीत.

नानांनी शोधून काढलं ते असं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ आली होती, पण मुंबई शहराने पुढे कित्येक वर्षं ती मनावर घेतली नाही. शहराची जुनी वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे चालत राहिली. धक्क्यावरचं घड्याळ प्रमाणवेळेवर होतं, खूण चढवणारं कार्यालयही. कंपनीची कचेरी आणि दीपगृह जुन्या वेळेवर. म्हणजे व्यवस्थापकाचे दहा आणि मगनचे दहा चाळीस ही एकच वेळ, मिनिटाच्या फरकाने. दीपगृहाचे अकरा पन्नास म्हणजे धक्क्यावरचे बारा एकोणतीस. दोन्ही टोकं एका घड्याळावर आणली की प्रवासाला एकशे नऊ मिनिटं मिळतात आणि वेग अकरा येतो. खूण चढून पंचवीस मिनिटं झाल्यावर बोट सोडली होती.

"त्यांनी आजोबाला विचारलं, घड्याळ पाहून लिहिलंस का? तो म्हणाला, हो साहेब," नाना सांगायचे. "पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कोणतं घड्याळ?"

मी एकदा म्हटलं होतं, "साहेबाला माहीत नसेल."

"मेघा, मुंबईत तेव्हा भाजीवाल्याला माहीत होतं की शहरात दोन वेळा चालतात. साहेबाला माहीत नसेल?" आणि चष्मा पुसत बसले.

आमच्या घरातही दोन वेळा चालायच्या. बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ आई वीस मिनिटं पुढे ठेवायची. ललितची शाळा चुकू नये, माझी एस.टी. चुकू नये, पाहुण्यांची सुरतकडची गाडी चुकू नये. नानांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र रेडिओच्या ठोक्याला लावलेलं. त्यांच्यासारख्या माणसाला भिंतीवर रोज वीस मिनिटांची थाप कशी चालते, असं लोक आईला विचारत. आई म्हणायची, "भिंत माझी शे. मनगट त्यांचं." सहा वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्या दिवशी धुळ्याला परतण्याआधी मी स्टुलावर चढले आणि घड्याळ बरोबर लावलं. आता एवढी घाई कुणाला होती? नाना खुर्चीवर बसून बघत होते.

मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. धरणगावात नानांजवळ धाकटा भाऊ ललित आणि त्याची बायको दिपमाला राहत. ललित कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, नानांच्या छातीत दुखू लागलं. दिपमालाने ललितला फोन केला दहा अठ्ठावन्नला. हे तिच्या फोनवरून. ललित घरी आला अकरा पाचला. हे जिनिंगच्या फाटकावरच्या नोंदीवरून, पाच मिनिटांचा रस्ता धरून. शेजारच्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि जळगावला न्या म्हणाले. घरून निघाले पावणेबाराला. हे ललितने स्वतः जळगावच्या दवाखान्यात सांगितलं आणि तिथल्या कागदावर तसंच लिहिलं गेलं. दवाखान्यात पोचले साडेबाराला. नाना गेले बारा पन्नासला.

तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "वीस मिनिटं आधी आले असते तर प्रयत्न करता आला असता," तो म्हणाला. त्याला वाटलं असावं की हे ऐकणं माझा हक्क आहे.

माझे दोन फोनही त्या पानावर होते. पहिला अकरा तेहतीसला. दिपमालाचा निरोप मिळाल्याबरोबर मी ललितला लावला होता. तो म्हणाला, "अक्का, जळगावला नेतोय." धुळ्यात माझ्या ओळखीचे एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ आहेत, आमच्या ग्रंथालयात येतात, मला नावाने ओळखतात. मी म्हटलं, "थांब. हलू नको. मी त्यांना विचारते, धुळ्याला आणायचं का. मग सांगते." त्याच्या मागे हॉर्न वाजत होता. आमचं घर रस्त्याला लागूनच आहे. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ते एका वाक्यात म्हणाले, "जे जवळ असेल ते गाठा." मी ललितला परत फोन केला अकरा एक्कावन्नला. म्हटलं, "जळगावलाच ने." तो "बरं" म्हणाला.

हे पान मी नवव्या की दहाव्या दिवशी मांडलं. बत्तीस किलोमीटर, पंचेचाळीस मिनिटं, ताशी बेचाळीस-त्रेचाळीस. त्या रस्त्याला ठीक वेग. रस्त्यात काही गेलं नव्हतं. मी त्याला थांब म्हटलं होतं खरं, पण तो तर माझ्या दुसऱ्या फोनच्या आधीच, पावणेबाराला, निघाला होता. म्हणजे माझ्यामुळेही काही गेलं नव्हतं. हे मी दोनदा तपासलं. उरली अकरा पाच ते पावणेबारा. घरातली चाळीस मिनिटं.

गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे सुतक फिटण्याच्या जेवणाला, सगळे जमले होते. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि रुपचंदकाकांनी, नानांच्या चुलतभावाने, सहज विषय काढला. "का रे ललित, कितला वाजता निंघनात तुम्ही घरथून?"

ललित काही बोलायच्या आत मी म्हटलं, "पावणेबाराला. अकरा पाचला तो घरी होता. चाळीस मिनिटं." आणि आत जाऊन वही आणली. मी ती वाचून दाखवली. आवाज चढवला नाही. ग्रंथालयातही मी कधी आवाज चढवत नाही, आणि त्याचा उपयोग किती होतो ते मला ठाऊक आहे.

ललित जमिनीकडे बघत होता. पावणेबाराला निघालो हा आकडा मी वाचला तेव्हा त्याने एकदाच मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे घड्याळाच्या खिळ्यावर आता नानांचा फोटो होता, हार घातलेला. त्याने मान पुन्हा खाली घातली.

"काहीतरी बोल," मी म्हटलं.

"काय बोलू अक्का. तू लिहिलंय ना."

दिपमाला पुढे आली. "अक्का, नानांना शर्ट बदलायचा व्हता, घामाने भिजेल व्हता, मग डॉक्टर घरी ऊनात, मग..."

"चाळीस मिनिटं शर्ट बदलत होतात?" मी म्हटलं.

ती आत निघून गेली. कुणीतरी कोपऱ्यातून हळूच म्हणालं, "पणजाचं चाळीस पणतूला आलं." दोघंतिघं हसले, मग कुठे बसलोय ते आठवून गप्प झाले. मी ते ऐकलं. त्या दिवशी मला ते वाईटही वाटलं नाही.

त्यानंतर अकरा महिने मी धरणगावला गेले नाही. राखीपौर्णिमेला राखी पोस्टाने पाठवली, तीही पाठवायची म्हणून. दिवाळीला दिपमालाने फोन केला, मी दोन मिनिटं बोलले. जिनिंगमध्ये ललितला लोक काय म्हणतात ते मला एका विद्यार्थिनीकडून कळलं. ती धरणगावची होती आणि तिला हे नातं ठाऊक नव्हतं. काट्यावर कुणाची गाडी खोळंबली की ड्रायव्हर ओरडतात, "ओ चाळीस, आटपा!"

मी नानांची पुस्तिका पुरी करत होते. वर्षश्राद्धाला छापून वाटायची असं मनात होतं. सगळं त्यांनी लिहून ठेवलंच होतं, मला फक्त टाइप करायचं होतं आणि नकाशा जोडायचा होता. त्यांचं मराठी कोरडं आहे. एका ठिकाणी मात्र ते थांबलेत. मगनच्या साक्षीनंतर त्यांनी लिहिलंय: "चौकशी करणाऱ्याला उत्तर आधीच पसंत होतं. पसंत उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही." मी ते टाइप केलं, आणि एक स्वल्पविराम सुधारला.

नकाशा धरणगावच्या घरी, नानांच्या ट्रंकेत होता. जानेवारीच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, मी तो आणायला गेले. ललित शेतावर होता. दिपमालाने ट्रंक उघडून दिली आणि चहा टाकते म्हणाली. मी बैठकीत न बसता तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले, कारण बैठकीत फोटो होता.

घड्याळ तिथे टांगलेलं होतं, डब्यांच्या फळीवर. चार दहा वाजले होते. मला साडेचारची धुळ्याची एस.टी. गाठायची होती.

"चहा राहू दे," मी म्हटलं. "गाडी चुकेल माझी."

"कसाले चुकेल? चारसुद्धा वाजले नहीत अजून."

मी फोन काढून पाहिला, एरवी वेळ मी त्यावरच पाहते. तीन पन्नास.

"हे पुढे आहे?"

"पुढंच शे ना ते. कायम." ती चहात आलं किसत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "तुम्ही सासूबाईंच्या वेळी बरोबर लावून गेल्या ना, तुम्ही गेल्या त्याच सांजले नानांनी परत पुढं केलं. मला म्हणाले, मेघाला सांगू नको, तिला वाईट वाटेल. तिची वेळ राहू दे भिंतीवर, म्हणाले. सासूबाईंची." तिने गॅस कमी केला. "मग आम्हाले बठ्ठ्यांना सवयच पडून गेली."

मी विचारलं, "त्या दिवशी ललितने पावणेबारा कुठे पाहिले?"

किसणी थांबली. तिने उरलेलं आलं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही आता विचारताय."

नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वजाबाकी केली. ती पोराने केली असती इतकी सोपी होती. पावणेबारा वजा वीस, अकरा पंचवीस. घरात वीस मिनिटं गेली होती. डॉक्टर, गोळी, शर्ट, उचलून गाडीत ठेवणं, ह्याला वीस मिनिटं लागतातच. आणि अकरा पंचवीस ते साडेबारा म्हणजे रस्त्यावर पासष्ट मिनिटं. बत्तीस किलोमीटरला पासष्ट मिनिटं. ताशी तीससुद्धा नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या रस्त्यात वीस मिनिटं गाडी कुठेतरी उभी होती.

अकरा तेहतीस ते अकरा एक्कावन्न. अठरा. आणि गाडी बाजूला घ्यायला, परत रस्त्याला लागायला दोन.

हॉर्न घरासमोरचा नव्हता.

ललित साडेपाचला आला. पायांची माती ओट्यावर झटकत होता. मी दारात उभी होते. माझी एस.टी. गेली होती.

"अक्का? कधी आली?"

"गाडी कुठे थांबवली होतीस?"

कुठली गाडी, असं त्याने विचारलं नाही. "पाळधीच्या अलीकडे," तो म्हणाला. "निंबाखाली. सावली होती."

"नाना काही बोलले?"

"विचारत होते, का थांबलो. मी म्हटलं, अक्का धुळ्याच्या डॉक्टरांना विचारते आहे. मग म्हणाले, बरं, मेघा विचारते ना, मग थांब." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "मनगटावर बघत होते सारखे. दोनदा विचारलं, आला का फोन."

"तू निघून का गेला नाहीस? मी काय डॉक्टर आहे?"

"तू थांब म्हणाली," ललित म्हणाला. "मी थांबनू."

तो सेहेचाळीस वर्षांचा आहे. लहानपणी बसथांब्यावर मी त्याला अशीच सांगून जायची, थांब, हलू नको, तिकीट आणते.

"आणि गंधमुक्तीला? मी सगळ्यांसमोर वाचलं तेव्हा? तुला तेव्हा कळलं होतं ना, घड्याळाचं?"

"वाचलं तेव्हाच कळलं. त्याच्या आधी डोक्यातच नव्हतं."

"मग?"

"मग काय. सगळे बसलेले. तुझ्या हातात नानांची वही." तो आत जायला निघाला, मग वळून म्हणाला, "मला दोन दिवस बोलतील आणि विसरतील, असं वाटलं. तुला ते जन्मभर पुरलं असतं."

दोन दिवस नाही, अकरा महिने झाले होते, आणि ते विसरले नव्हते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

वर्षश्राद्धाला तीच माणसं आली. तीच बैठक, तीच सुपारी. पुस्तिका मी छापली नव्हती. जेवणं झाल्यावर मी उभी राहिले आणि वही उघडली. मागच्या वेळेसारखाच आवाज ठेवला. म्हटलं, माझी चूक झाली. ललितने सांगितलेली वेळ भिंतीवरच्या घड्याळाची होती, ते वीस मिनिटं पुढे होतं, बाकी सगळ्या वेळा फोनच्या आणि दवाखान्याच्या होत्या, मी त्या एकत्र मिसळल्या. घरात उशीर झाला नाही. उशीर पाळधीच्या अलीकडे झाला, अठरा मिनिटं, आणि तो माझ्या सांगण्यावरून झाला. नवं पान वाचून दाखवलं, शेवटच्या रकान्यासकट.

मी थांबले. पंखा चालू होता. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

रुपचंदकाका शेजारच्याकडे झुकून म्हणाले, हळू म्हणून, पण त्यांना ऐकू कमी येतं त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, "भाऊले वाचाडस ती. काही झालं तरी बहीण शे ना."

शेजारच्याने मान डोलावली. पलीकडच्या बायकांमध्ये कुणी डोळे पुसले. मला कळलं की भावासाठी दोष अंगावर घेते म्हणून त्या मला चांगली म्हणत होत्या.

"काका, मी खरं सांगते आहे," मी म्हटलं. "हे बघा, आकडे आहेत."

"आकडे तर मागच्या सालीबी व्हतात, बेटा," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. "चला, निघायला पाहिजे. का रे ललित, कितला वाजले?"

मागून एकजण हसला, दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

ललितने दारातून स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं. त्याचे ओठ किंचित हलले. वीस वजा करून तो म्हणाला, "दोनला दहा कमी, काका."

काकांनी स्वतःच्या मनगटावर पाहून खात्री करून घेतली, आणि मग निघाले.